नामंजूर अण्णा

मी आजवर जे चार बरे शब्द लिहिले, ते एका म्हाताऱ्याला झोप लागू नये म्हणून लिहिले. हसू नका, खरं सांगतोय. आता तो म्हातारा नाही, त्याचा झोपाळाही नाही. पण अजून कागद पुढे ओढला की कड्यांची करकर कानात येते आणि मी आपलं पहिलं वाक्य मुकाट्यानं खोडतो.

महाडात चवदार तळ्याच्या मागच्या आळीत त्यांचं घर होतं. सारी नोकरी कचेरीत झालेली, शेवटी अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघाले. तालुक्यातला एकूणएक अर्ज आधी त्यांच्या टेबलावर यायचा. विहीर हवी, ओढ्यावर साकव हवा, धर्मशाळेचं छप्पर उडालं, वाचनालयाला मदत द्या. त्यांनी वाचायचं आणि कोपऱ्यात आपलं मत टाकायचं, आणि ते मत बहुतेक वेळा एकाच शब्दाचं असे. म्हणून सारं गाव त्यांना नामंजूर अण्णा म्हणे. तोंडावर नुसतं अण्णा. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आतून आवडतही होतं.

पेन्शनीत निघाल्यावर गंमत अशी झाली, की ज्यांनी त्यांच्या नावानं बोटं मोडली होती तेच लोक अर्ज घेऊन त्यांच्या ओटीवर येऊन बसू लागले. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, दुसरं काय! पण अण्णा कुणाला अर्ज लिहून देत नसत. एक ओळसुद्धा नाही. म्हणत, "सगळा जन्म ह्या हातानं एकच शब्द लिहिला. तो आता दुसरा लिहायचा नाही. तू लिही, मी ऐकतो."

ऐकणं कसं, तर झोपाळ्यावर आडवं होऊन, उपरणं तोंडावर ओढून. एक पाय खाली सोडलेला, अंगठ्यानं जमीन रेटायची. आपण ओटीवर बसून वाचायचं. झोपाळा हलतोय तोवर ठीक. अंगठा थांबला आणि उपरणं फुरफुरायला लागलं, की समजायचं, गेला अर्ज! थोड्या वेळानं स्वतःच दचकून उठत आणि विचारत, "कुठवर आला होतास?"

"'आम्ही अत्यंत गरीब रयत' इथवर, अण्णा."

"मग साहेबाचाही डोळा तिथंच लागणार. तिथून पुढचं घरी जाऊन नवं लिही. आणि अत्यंतबद्दल सुपारी ठेव."

हो, तो दंड होता. अर्जात 'अत्यंत' आला की एक सुपारी. आतून काकूंचा आवाज येई, "पेन्शनीत निघाल्यापासून ह्या घरात सुपारी विकत आणलेली नाही! आणि अहो, वाटीभर कालवण ओरपल्यावर कुणीही घोरेल. त्यात त्या बिचाऱ्याच्या अर्जाचा काय दोष?" काकूंचं म्हणणं अगदीच खोटं नसावं. दुपारचे अर्ज सकाळच्यापेक्षा जास्त पडत.

सुपारीचा अडकित्ताही नुसता सुपारीसाठी नव्हता. 'मेहेरबान मायबाप सरकार यांचे चरणकमली' असा मायना घेऊन कुणी आला, की अण्णा कागद हातात घेत आणि अडकित्त्यानं वरची पट्टी कापून टाकत. मग खालचं 'आपले आज्ञाधारक लेकरू' वगैरेही. "माशाचं डोकं-शेपूट काढतात ना? मधलं खायचं असतं. हं, आता वाच मधलं." कितीतरी अर्जांना मधलं नसेच. तो माणूस हातातल्या दोन पट्ट्यांकडे बघत बसे.

महारवाड्यातून कुणी आलं तर ते अंगणात ठरलेल्या एका दगडावर उभं राहून वाचत. लांबून ऐकू जावं म्हणून त्यांना घसा ताणावा लागे. तळ्यावरच्या सत्याग्रहाला तेव्हा काही वर्षं झाली होती, गाव अजून आतून धुमसत होतं, पण अण्णांच्या दारची ही रीत तशीच चालू होती. त्यात कुणाला काही वाटत नसे. म्हणजे, ओटीवर बसलेल्यांना वाटत नसे.

एकदा दासगावची मंडळी आली. सावित्री नदीवर उतारूंसाठी दगडी पायऱ्या हव्या होत्या. चांगला लांबलचक अर्ज, त्यात गावाचं पूर्वीचं वैभव, कुठली कुठली गलबतं येत होती, सगळं. गलबतं खाडीत शिरायच्या आत अण्णा घोरायला लागले. उठल्यावर म्हणाले, "ओहोटीला काय होतं तिथं?"

"काय व्हनार? चिखल. मांडीपातूर."

"आणि होडीत अडलेली बाई असली तर?"

"पाठुंगळी घेतो."

"कोण घेतो?"

मंडळींनी मागे बसलेल्या एका दांडग्या गड्याकडे बोट दाखवलं. तो लाजून म्हणाला, "मीच घेतो. गेल्या साली एक जन माझ्या पाठीवरच बाळात व्हायची बाकी ऱ्हायली व्हती."

अण्णा उठून बसले. "गलबतं बुडवा सगळी! ह्याची पाठ लिहा. काय नाही ते सगळेच लिहितात. नाही म्हणून कोण काय करतं, ते लिहा." पायऱ्या झाल्या. दासगावकरांनी आनंदानं सुपाऱ्यांची पिशवीच आणून ठेवली, आणि काकू आठवडाभर चिडलेल्या होत्या.

मी तेव्हा नवा मास्तर झालो होतो आणि गोष्टी लिहायची खोड होती. माझ्यासारखा लिहिणारा उभ्या कोकणात नाही अशी माझी खात्री. एकदा धीर करून अण्णांना गोष्ट वाचून दाखवली. नवरा परगावी निघालेला, बायको दाराच्या चौकटीला टेकून अश्रू ढाळतेय, असा करुण प्रसंग. चांगलं पानभर रडवली होती तिला. अंगठा केव्हाच थांबला होता.

"तिची चूल पेटलेली होती का?" उठल्यावर त्यांनी विचारलं.

"चूल? चुलीचा इथं काय संबंध?"

"भात चुलीवर असेल तर ती दारात रडत बसायची नाही. आत जाऊन भात उतरवील, मग रडेल. ते मगचं कुठाय?"

मला असा राग आला म्हणता! फणकाऱ्यानं म्हणालो, "अण्णा, ही गोष्ट आहे. पाटबंधाऱ्याचा अर्ज नव्हे."

"दोन्ही परक्या माणसानं वाचायची असतात, मास्तर. आणि त्याला घरी दुसरी कामं असतात." एवढं बोलून त्यांनी पुन्हा उपरणं ओढून घेतलं. महिनाभर मी रविवारी महाडला येऊनही त्या आळीनं गेलो नाही. ती गोष्ट मात्र पुन्हा लिहिली. भात उतरवून घेतला. तीच गोष्ट पुढे माझी पहिली छापली गेली.

आता मुख्य सांगायचं ते सांगतो. माझी शाळा पोलादपुरापलीकडे, उमरठच्या बाजूला डोंगराच्या पोटातल्या एका वाडीत होती. शाळा कसली, पाटलांची पडवी. गावातले बरेचसे पुरुष मुंबईला गिरण्यांत. त्यांनी आपसांत वर्गणी काढून शाळा सुरू केली होती आणि माझा पगारही तेच पाठवत. पण गिरण्यांना वाईट दिवस आले, एकेकजण वळकटी घेऊन गावी परतू लागला. पाटील एक दिवस म्हणाले, "गुरुजी, शिमग्यापातूर कशी बी चालवू. म्होरं बोर्डानं हात दिला तर शाळा, नाय तर पोरं हायत नि गुरं हायत." मला ती मुलं गुरांमागे पाठवायची नव्हती. लिहायला वाचायला लागलेली मुलं होती ती. जिल्ह्याच्या लोकल बोर्डाकडून इमारत आणि मास्तर मिळावा म्हणून अर्ज करायचा ठरला, आणि तो घेऊन मी नाक मुठीत धरून पुन्हा झोपाळ्यापुढे जाऊन बसलो.

पहिला अर्ज पडला. त्यात शिक्षणाचं महत्त्व होतं. दुसरा पडला. त्यात गळकी पडवी आणि मुंबईची मंदी होती. तिसरा वाचताना मी निम्म्यावर आलो, उपरणं फुरफुरायच्या बेतात होतं, आणि मी वाचलं, "पाऊस आला असता खालच्या आळीतील चार मुले घरी जातात, त्यामुळे त्यांचा अभ्यास मागे पडतो."

झोपाळा थांबला. उपरणं बाजूला झालं. अण्णांचे डोळे टक्क उघडे.

"चारच का जातात?"

"ती अंगणात बसतात, अण्णा. पडवीत नाही."

"खालची आळी म्हणजे?"

"महारवाडा."

"मग तसं लिहायला शाई संपली होती? पाऊस आल्यावर काय करतात? नीट सांग."

"पाट्या डोक्यावर धरतात आणि पळतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. पहिला थेंब पडला की उठलीच. चंद्री म्हणून एक मुलगी आहे, साऱ्या शाळेत हुशार. पण घरी पोचेपर्यंत तिच्या पाटीवरचा धडा धुऊन गेलेला असतो."

 अण्णा समोर अंगणाकडे बघत होते. तिथं तेव्हा कुणी नव्हतं, नुसता उभं राहायचा दगड होता.

"इमारत का हवी ते तू तीन अर्जांत सांगतोयस आणि तिन्हीत चुकवतोयस," ते हळू म्हणाले. "पडवी माणसाची असते रे. तिला सोवळंओवळं असतं. बोर्डाची इमारत झाली की आत कोण बसलं हे विचारायला कुणाच्या बापाला जागा नाही. हेच लिही. ती पाटी लिही. बाकीचं फाडून टाक."

मी तसं लिहिलं. आयुष्यात इतकं सरळ मी तोवर लिहिलं नव्हतं. पण अर्जावर सही पाटलांची हवी. त्यांना वाचून दाखवला. पाटील भला माणूस, फुकट पडवी दिलेली, पोरांना स्वतःच्या विहिरीवरून पाणी भरून ठेवणारा. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदा झ्याक लिवलाव. तेवढी चौघांची वळ काढा."

"पाटील, तीच तर खरी आहे."

"खरी हाय म्हून तर काढा! साहेब म्हनंल, पोरांना भायेर बसवनाऱ्या गावाला मदत नाय. मंग? ती चौघा बी घरी, नि आमची बी घरी. गुरुजी, गावाची लाज कागदावर नको."

मी पुष्कळ हुज्जत घातली. त्यांचा अंगठा नव्हे, सही होती, आणि ती त्या ओळीखाली येईना. शेवटी ओळ गेली आणि अर्ज गेला. अण्णांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. "कागद गेला म्हण, अर्ज राहिला घरी," म्हणाले. "आता पाहणीला कुणी आलंच, तर एवढं कर. त्या दिवशी काही सजवू नका. रोज असतं तसं असू दे."

हे मी गावात सांगितलं. सांगून काय उपयोग! भाद्रपदात साहेब येणार असा निरोप आला आणि वाडीचं लग्नघर झालं. पाहुण्यासमोर उणं दिसू द्यायचं नाही, हे आमच्या त्या डोंगरातल्या माणसांच्या रक्तातच आहे. घरात दाणा नसला तरी पाहुण्याच्या ताटात भाताची मूद पडणारच. सगळ्यांनी मिळून पाटलांच्या अख्ख्या अंगणावर मांडव घातला. वर गवताची जाड शाकारणी, कडेनं आंब्याचे टहाळे, सारवलेल्या जमिनीवर रांगोळी. मी म्हणालो, "पाटील, अण्णांनी सांगितलंय..."

"अण्णा महाडात बसून सांगतात! पावना यायचा नि त्याला चिखलात बसवू? लोकं तोंडात शेन घालतील."

मांडव अंगणभर असल्यामुळे चंद्री आणि तिघं आपोआपच मांडवाखाली आली. अगदी कडेला, नव्या गोणपाटावर. केसांना तेल लावून, चापूनचोपून बसलेली. साहेब आले, खूष झाले. पाढे ऐकले, कविता ऐकली, पोह्यांची बशी संपवली. मग हात पुसत मला म्हणाले, "मास्तर, गावाची हिंमत पाहून आनंद वाटला. ऐसपैस मांडव, सगळी मुलं एकत्र बसलेली. तुमच्यापेक्षा गरजू गावं बरीच आहेत हो. यंदा आधी त्यांचा विचार करावा लागेल."

 पाटलांचा चेहरा उतरला. आपण घातलेल्या मांडवानं आपलीच शाळा खाल्ली, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं असावं. साहेबांनी टोपी उचलली.

आणि सर आली. भाद्रपदातली असते तशी, ऊन असताना. शाकारणीवर पहिले थेंब वाजले मात्र, कडेची चारही मुलं उठली, पाट्या डोक्यावर धरल्या आणि मांडवातून बाहेर पावसात पळाली. मांडव कोरडा ठाक होता. आत एक थेंब येत नव्हता. बाकीची पोरं जागची हललीही नाहीत. त्यांना त्यात नवल काहीच नव्हतं.

"अरे! ही कुठं पळाली?" साहेब म्हणाले. "इथं कोरडं आहे की. पावसात का गेली?"

 मी तोंड उघडलं तर पाटलांनी हात वर केला.

"त्यांना सवय हाय, साहेब," पाटील म्हणाले. मान खाली होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ह्यो मांडव आजचा हाय. रोज ती उघड्यावर बसतात. पाऊस आला की तेंची शाळा सुटली. पडवी माझी हाय नि भिंतीपल्याड माझ्या आयशीचं देव हायत. ती जित्ती हाय तवर माझ्याच्यानं त्यांना वर घेववत नाय. खोटा कशाला बोलू? तुमी शाळा बांधलीत तर ती माझी नसंल. मंग त्यांची बी सुटका, नि माझी बी."

साहेबांनी टोपी पुन्हा खाली ठेवली. पाऊस थांबेपर्यंत ते बसून होते. मग मला म्हणाले, "त्या चौघांची नावं सांगा."

दुसऱ्या रविवारी मी महाडला जाऊन सगळं अण्णांना सांगितलं. झोपाळा पहिल्यापासून बंद होता आणि अण्णा जागे होते. संपल्यावर म्हणाले, "पाटलानं आठ-नऊ वाक्यांत केला तसा अर्ज मी सबंध नोकरीत वाचला नाही. आणि वाचला असता तर काय लिहिलं असतं, ते मला विचारू नकोस."  मला त्या क्षणी त्यांची फार माया वाटली, पण त्या माणसाला तसं काही सांगायची सोय नव्हती.

पुढच्या खेपेला गेलो तर अण्णा ओटीवर नव्हते. अंगणात, त्या दगडाशेजारी खाट टाकून बसले होते, आणि येईल तो त्यांच्यासमोर त्याच जमिनीवर बसून वाचत होता. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "झोपाळ्यावर झोप फार येते." आळीतल्या दोघातिघांनी येणं बंद केलं. काकूंनी काही दिवस भांडी आपटली, मग एक दिवस स्वतःच खाटेवर सावलीसाठी कापड बांधून दिलं.

बोर्डाचा कागद आला तो मी आधी अण्णांकडे नेला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. "मंजूर असा दिसतो होय!" म्हणाले आणि इतके हसले की ठसका लागला.

इमारत दुसऱ्या वर्षी उभी राहिली. दगडी जोतं, कौलं, तीन खिडक्या. श्रावणात अण्णा बघायला आले. महाडबाहेर सहसा न पडणारा माणूस, पोलादपूरपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं हाडं मोडून घेत आला. मुलांना 'पाऊस' हा निबंध दिला होता. एकेकानं वाचायला सुरुवात केली. हिरवे डोंगर, नाचरा मोर, आनंदी शेतकरी. खुर्चीत बसलेल्या अण्णांचे डोळे सवयीनं मिटले. बाहेर कौलांवर पाऊस पडत होता.

चंद्रीची पाळी आली. ती उठली आणि खुर्चीकडे बघत उभी राहिली.

"वाच ना."

"गुरुजी, आजोबा निजलं."

सगळी शाळा खिदळली. "वाच गो पोरी," अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "जागा आहे मी."

तिनं वाचलं, "पाऊस आला. आम्ही बसून राहिलो."

आणि पाटी खाली घेतली. मी मास्तरच शेवटी, म्हणालो, "पुढं?"

"म्होरं नाय."

अण्णांनी डोळे उघडले होते. ते भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. चंद्री आधी माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं पाटी त्यांच्या हातात दिली. अण्णांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली.  त्या दोन वाक्यांच्या खाली, कोपऱ्यात, कचेरीतल्या वळणदार अक्षरात त्यांनी एक शब्द लिहिला. त्यांचाच जुना शब्द, पण सुरुवातीचं 'ना' नव्हतं.

शाळा सुटली तेव्हा पाऊस जोरात होता. मी दारात उभा होतो. चंद्रीनं पाटी डोक्यावर धरली नाही. झग्याच्या आत घालून पोटाशी घट्ट धरली, आणि डोकं भिजवत घरी गेली.